बाईंची वही आणि समुद्राची सफर

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात शालेय साहित्याचा ठोक व्यापार करणारे एक दिगंबर जैन कुटुंब आहे. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी लाल कापडी बांधणीची एक जुनी वही ठेवलेली असते. तिच्या पहिल्या पानावर घरातील वडीलधाऱ्या बाईंच्या हस्ताक्षरात चार ओळी आहेत : पूर्वेस सम्मेदशिखर, पश्चिमेस गिरनार, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, उत्तरेस हस्तिनापूर. पतीच्या निधनानंतर कचनेर क्षेत्री चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेल्या असता बाईंनी तेथे विराजमान असलेल्या मुनिश्रींकडून घेतलेले हे दिग्व्रत. या चार तीर्थांच्या पलीकडे आयुष्यभर जायचे नाही, हा त्याचा अर्थ.

व्रत घेतले त्या दिवशी घरात कोणी त्याचा फारसा विचार केला नाही. बाई दुकानापलीकडे क्वचितच जात. मर्यादा ओलांडण्याचा प्रसंग येणार तरी कोठून? तो प्रसंग बाईंनी पंचाहत्तरी पूर्ण केली त्या वर्षी आला आणि तोही मुलांच्या प्रेमापोटी आला. दोघा भावांनी मिळून सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाची पाच दिवसांची सफर ठरवली, आठ जणांसाठी अनामत रक्कम भरली आणि मगच संध्याकाळच्या आरतीनंतर ही बातमी बाईंना सांगितली. बाई आनंदल्या. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही सगळे जा. मी दुकानाच्या किल्ल्या सांभाळीन.” कारण विचारले तेव्हा त्यांनी वही उघडून पुढे ठेवली.

सफरीच्या आखणीतील पहिला धडा या कुटुंबाला असा पैसे भरल्यानंतर मिळाला. कोणत्याही कौटुंबिक सहलीत ठिकाण ठरवण्याआधी प्रत्येकाची मर्यादा विचारून घ्यावी. कोणाचे व्रत असते, कोणाच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, कोणाची परीक्षा असते, कोणाच्या पासपोर्टची मुदत संपत आलेली असते. हे प्रश्न शेवटी कळले की त्यांची अडचण होते. आधी कळले तर तेच सहलीचा आराखडा घडवतात. अनामत भरताना थोरल्या भावाने रद्दीकरणाच्या अटींचे पान वाचलेच नव्हते. निघण्याचा दिवस जितका जवळ, तितकी कपात मोठी, हा या व्यवसायातील सर्वसाधारण नियम. दुकानात उधारीचा माल देताना जो माणूस चार वेळा विचार करतो, तोच सहलीच्या करारावर न वाचता सही करतो, हे नवल आहे. सुदैवाने अवधी पुष्कळ होता, म्हणून रकमेचा थोडाच भाग गेला.

बाईंना घरी ठेवून जायचे नाही, हे मात्र थोरल्या सूनबाईंनी त्याच रात्री ठरवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीतल्या मुलाला भूगोलाचा नकाशा काढायला लावला. मुंबईहून पश्चिम किनाऱ्याने गोवा, कोची आणि लक्षद्वीप अशा सफरी अलीकडे निघतात. मुलाने अक्षांश पाहिले. श्रवणबेळगोळ सुमारे १२.८ अंश उत्तर. कोची सुमारे १० अंशांवर, म्हणजे मर्यादेच्या खाली. लक्षद्वीपमधील अगत्ती सुमारे १०.८ अंशांवर, तेही खालीच. गोव्याचे मुरगाव बंदर मात्र सुमारे १५.४ अंशांवर. पश्चिमेचा प्रश्नही त्यानेच सोडवला : गिरनार मुंबईपेक्षा दोन अंशांहून अधिक पश्चिमेला आहे; मुंबई-गोवा मार्गावरील जहाज तितके पश्चिमेला जातच नाही. नकाशा बाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून चारही नावे बोटाने शोधली आणि विचारले, “मग गोवा आतच आहे म्हणायचे?” आत होते. मुंबई ते गोवा आणि परत अशी सफर ठरली. परदेशवारी राहिली, कुटुंब मात्र एकत्र राहिले.

दिग्व्रत म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या मर्यादेच्या खुणा म्हणून समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने सांगितली आहेत. ज्याला समुद्र आणि पर्वत ठाऊक आहेत, जो दूरवर व्यापार करतो, त्यालाच अशा मर्यादेची गरज. आपला जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी समुद्राला परका नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा माल गाड्यांत भरून भडोच बंदरी जात असल्याची नोंद आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज चितारले आहे. ते सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतील आहे. शाळेच्या सहलीत ते चित्र पाहिलेल्या नातीने बाईंना ते वर्णन करून सांगितले, तेव्हापासून बाईंनाही समुद्राची उत्सुकता लागली. तोवर त्यांनी समुद्र फक्त मुंबईत, मोटारीच्या काचेतून पाहिला होता.

यानंतर प्रश्न होता दिवसांचा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि या बाजूच्या सफरी सहसा बंद असतात. चातुर्मासात आपल्याकडे प्रवास टाळतात, त्यामुळे हे दोन्ही जुळून येते. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ समुद्राच्या दृष्टीने सर्वांत शांत. शालेय साहित्याच्या धंद्यात एप्रिलपासून जुलैपर्यंत श्वास घ्यायला सवड नसते, मार्चमध्ये वर्षअखेरीचे हिशेब असतात. म्हणून प्रजासत्ताक दिनाला जोडून जानेवारीचा शेवटचा आठवडा निवडला. मुलांची शाळाही फार बुडत नव्हती. मात्र जोडून आलेल्या सुटीत गोव्याच्या रस्त्यांवर किती गर्दी असते, याचा हिशेब कोणी मांडला नाही. ती चूक पुढे भोवली.

खर्चाचा हिशेब सूनबाईंनी चोपडीसारखा तीन रकान्यांत मांडला : भरलेले, भरायचे आणि कदाचित लागणारे. पहिल्या रकान्यात खोलीचे भाडे, बंदराचे शुल्क व कर. दुसऱ्यात मुंबईपर्यंतचे रेल्वेभाडे, एक रात्रीचा मुक्काम, गोव्यातील टॅक्सी आणि विमा. तिसऱ्यात जहाजावरील सेवाशुल्क, इंटरनेट, छायाचित्रे आणि मुलांचे खेळ. जहाजावर रोख पैसा सहसा चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटच्या दिवशी बिल हाती येते. हातातून नोट जात नाही तेव्हा खर्च जाणवत नाही, हे उधारीचा व्यवहार करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्यावी आणि रोज रात्री खात्याची नोंद पाहावी. चुकीची रक्कम चढली असेल तर ती जहाजावरच दुरुस्त करून घेणे सोपे. घरी परतल्यावर तीच गोष्ट महिनाभर पुरते.

खोली निवडताना दलालाचा आग्रह गॅलरीच्या महागड्या खोलीसाठी होता. बाईंसाठी मात्र जहाजाच्या लांबीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ खोली घेतली. तराजूच्या दांडीप्रमाणेच जहाजाचे आहे : टोके अधिक हलतात, मध्य कमी हलतो. ज्येष्ठांना ओकारीचा त्रास होऊ नये म्हणून हाच उपाय सर्वांत स्वस्त. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. बाईंनी सोबत सुंठीची पूड घेतली होती. आले त्यांना चालत नाही, सुंठ चालते. घुसमटल्यासारखे झाले तर खोलीत पडून न राहता मोकळ्या हवेत बसावे आणि दूरच्या क्षितिजरेषेकडे पाहावे. मोबाइलकडे पाहू नये.

सर्वांत जास्त पत्रव्यवहार झाला तो भोजनाविषयी. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर जैन भोजन मिळते, हे खरे. तथापि ‘शाकाहारी’ आणि ‘जैन’ हे दोन शब्द स्वयंपाकघरात एकाच अर्थाने वापरले जाऊ नयेत, याची खात्री प्रवाशानेच करावी. सूनबाईंनी नोंदणी करतानाच लेखी कळवले : कंदमूळ नाही, केकमध्ये अंडे नाही, जिलेटिन घातलेले गोड पदार्थ नाहीत. जहाजावर चढताच त्यांनी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून तोच कागद पुन्हा दाखवला. परदेशी जहाज असेल तर पनीर सोडून इतर चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट आहे काय, हेही विचारावे. घरी शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातील खाखरा आणि सुका मेवा नेता येईल काय, हे आधी विचारून ठेवावे. विजेची किटली, इस्त्री, उदबत्ती, निरांजन यांपैकी काहीही खोलीत चालत नाही, कारण समुद्रात आगीसारखा दुसरा शत्रू नाही. बाईंनी पूजेची लहान पेटी नेली, पण दिव्याऐवजी फक्त जप ठेवला.

भोजनाइतकाच वेळेचा प्रश्न होता. बाई सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी आहार-पाणी संपवतात. जहाजावरचे रात्रीचे जेवण साधारण सूर्यास्तानंतरच सुरू होते. त्यातच घरच्या भिंतीवरील पंचांग समुद्रावर जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. मुंबई आपल्या शहराच्या सुमारे अडीच अंश पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य तेथे सुमारे दहा मिनिटे उशिरा मावळतो. जानेवारीच्या अखेरीस मुंबईच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास असतो. त्यातून ४८ मिनिटे वजा केली की पावणेसहाच्या आत जेवण आटोपले पाहिजे. सूनबाईंनी दोन्ही दिवशी पाच वाजता वेगळे ताट मिळेल अशी व्यवस्था लिहून घेतली. मागितल्यावर ती मिळाली. न मागता मिळाली नसती.

जहाज संध्याकाळी सुटणार होते, तरी कुटुंब आदल्या दिवशीच सकाळच्या वंदे भारतने मुंबईला पोहोचले आणि सी. पी. टँकजवळच्या हिराबाग धर्मशाळेत उतरले. जहाज गाडीसारखे दुसऱ्या तासाला पुन्हा नसते. साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात घाटात एखादा ट्रक आडवा झाला, तरी सगळ्या सफरीचे पैसे बुडू शकतात. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च म्हणजे या धोक्याचा विमाहप्ताच. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन, स्वाध्याय आणि भोजन करून सर्व जण निवांत बॅलार्ड पियरच्या बाजूला निघाले. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि खोलीत काही तासांनी पोहोचतात. म्हणून औषधे, ओळखपत्रे, गाळण्याचे कापड, चष्मा आणि एक जोड कपडे हातातील पिशवीत असावेत. बाईंच्या पिशवीत यांबरोबर लाल वहीही होती.

निघण्यापूर्वी सुरक्षेची तालीम झाली. काही तरुण प्रवासी ती चुकवण्याच्या प्रयत्नात होते. बाई मात्र जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते लक्ष देऊन पाहत होत्या. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. या तालमीमागे तो इतिहास आहे. आपली होडी कोणती आणि तिच्याकडे जाणारा जिना कोणता, हे प्रत्येक आजी-आजोबांना आणि प्रत्येक मुलाला ठाऊक असावे. संध्याकाळी पाचला बाईंचे जेवण झाले. नंतर गॅलरीत बसून त्यांनी मुंबईचे दिवे मागे सरताना पाहिले. “एवढे पाणी,” त्या म्हणाल्या, “आणि माणसाला भांडायला गल्लीतला ओटा पुरत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज मुरगावला लागले. किनाऱ्यावरील फेरफटका हाच अशा सफरीचा सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत जोखमीचा भाग. त्याचे दोन मार्ग असतात. जहाजाने आखलेली सहल घेतली तर ती महाग पडते आणि चाळीस जणांबरोबर फिरावे लागते. पण तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतः टॅक्सी केली तर खर्च कमी आणि मोकळीक अधिक. पण जहाज कोणासाठी थांबत नाही. मागे राहिलेल्याने पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जायचे असते. परक्या देशात हे घडले तर त्यात व्हिसाचा प्रश्नही येतो. म्हणून जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकावरील दोन वेळा पाहाव्यात : जहाज सुटण्याची आणि त्याआधीची, सर्वांनी परत चढण्याची. आपली वेळ दुसरी. सुटण्याची वेळ कप्तानासाठी असते. बंदरावरील स्थानिक प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक त्याच पत्रकावर असतो. तो कागदावर उतरवून खिशात ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमक्या वेळी संपते.

या कुटुंबाने दोन टॅक्सी केल्या. पाहण्यासारखे पुष्कळ होते, पण बाईंनी एकच नाव काढले होते : फोंडा तालुक्यातील बांदिवडे. तेथे नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत. नेमिनाथ भगवंतांचे निर्वाण गिरनारवर झाले आणि गिरनार ही बाईंच्या वहीतील पश्चिमेची मर्यादा. त्यामुळे त्यांना हे ठिकाण पाहायचेच होते.

उतरण्यापूर्वी बाईंनी वही उघडून सर्वांना बसवले. दिग्व्रत आयुष्यभरासाठी असते. त्याच्या आत ठरावीक काळासाठी आणखी लहान मर्यादा घालणे म्हणजे देशव्रत. “आजचे देशव्रत ठरवू,” असे म्हणून त्यांनी सूनबाईंना वेळा उलट क्रमाने लिहायला सांगितल्या. परत चढण्याची वेळ साडेपाच. बाईंचे ताट पाच वाजता. म्हणून जहाजावर साडेचारला. बंदराच्या फाटकावरील तपासणीसाठी अर्धा तास, म्हणून फाटकावर चारला. वाटेतील तासाभरात अर्ध्या तासाची भर घातली, म्हणून बांदिवड्याहून अडीचला निघायचे. तेथेच जायचे, इतर कोठेही नाही. हिशेब शेवटच्या आकड्यापासून सुरू केला की मध्ये उरणारा वेळ खरा असतो. पहिल्या आकड्यापासून सुरू केला तर तो नेहमी जास्त वाटतो.

बस्ती म्हणजे आता पडक्या भिंती. पूजेला मूर्ती नाही. बाई मोकळ्या जागेपुढे हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलांनीही गडबड केली नाही. दीड वाजला आणि धाकट्या भावाच्या मनात आले की पणजीला जाऊन काजू आणावेत. दुकानातील माणसांना आणि मोठ्या गिऱ्हाइकांना वाटायला होतील. आपला आठ वर्षांचा मुलगा त्याने आजीजवळ ठेवला आणि पत्नीला घेऊन तो दुसऱ्या टॅक्सीने निघाला. “थेट बंदरावर येतो, चारच्या आत.” बाईंनी फक्त वहीतील कागदाकडे पाहिले. थोरल्या भावाने अडवले नाही. भावाला सर्वांसमोर कसे अडवावे?

बाकीचे चारला फाटकावर, साडेचारला जहाजावर होते. धाकट्याचा फोन लागला तेव्हा तो जुवारीच्या पुलाकडे जाणाऱ्या रांगेत होता. प्रजासत्ताक दिनाची सुटी, रस्त्यावर वाहनेच वाहने. “पंधरा मिनिटांत,” तो म्हणाला. पंधरा मिनिटांनीही तेच म्हणाला. पाचला बाईंचे ताट आले. बाई म्हणाल्या, “ती दोघे येऊ दे.” सूनबाईंनी विनवले, थोरल्याने विनवले. नातू कठड्याशी उभा राहून खाली धक्क्याकडे पाहत होता आणि दर थोड्या वेळाने विचारत होता, “आजी, जहाज निघाले तर बाबा कसे येतील?” त्याला जवळ घेऊन बाई त्याच्याकडून णमोकार मंत्र म्हणवून घेत राहिल्या. साडेपाच झाले. जहाजाच्या अधिकाऱ्याने न आलेल्यांची नावे विचारून घेतली. ताट तसेच होते. पाच चाळीस झाले, तेव्हा बाईंनी ते बाजूला सरकवले आणि हात जोडून चारही प्रकारच्या आहाराचा त्याग केला.

धाकटा आणि त्याची पत्नी पावणेसहाला धावत शिडीपाशी आले. शिडी अजून उचललेली नव्हती. अधिकाऱ्याने कडक शब्दांत समज देऊन त्यांना वर घेतले. हातात काजूच्या चार पिशव्या होत्या. जहाज साडेसहाला सुटले, सूर्य त्याच वेळी पाण्यात उतरला. भोजनगृहात झाकलेले ताट पाहिल्यावर त्याला सर्व समजले. सकाळी दहापासून शहात्तर वर्षांच्या आईच्या पोटात काही नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर दोन घटिकांपर्यंत पाण्याचा थेंबही जाणार नव्हता. तो पायाशी बसला. बाई म्हणाल्या, “एक वेळच्या उपवासाने मला काही होत नाही. पण जहाज गेले असते तर या लेकराला मी काय सांगितले असते? आपण शब्द देतो तो घड्याळाला देत नाही रे, वाट पाहणाऱ्याला देतो.”

त्या रात्री काजूच्या पिशव्या कोणी उघडल्या नाहीत. सकाळी सात वाजून गेल्यावर सूर्य वर आला. दोन घटिका मोजून धाकट्यानेच गाळलेले कोमट पाणी आईपुढे नेले. मुंबईच्या धक्क्यावर उतरेपर्यंत घरातील हास्यविनोद पूर्ववत झाला होता. पण बाईंच्या वहीत सूनबाईंनी लिहिलेला वेळांचा कागद धाकट्याने मागून घेतला, त्याची प्रत काढली आणि आपल्या पाकिटात ठेवली.

तो कागद वर्षभरात कामाला आला. वह्या तयार करणाऱ्या एका कंपनीने विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी सिंगापूरहून जहाजाची सफर ठेवली आणि धाकट्याचे नाव त्यात आले. जायचे की नाही, हे त्याने आधी आईला विचारले. “व्रत माझे आहे, तुझे नाही,” बाई म्हणाल्या, “तू जा. पण कागद घेऊन जा.” या वेळी त्याची तयारी निराळी होती. पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत त्याने तपासली. जहाज सिंगापूरहून निघून तेथेच परतणार, म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश. तेव्हा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे, याची खात्री केली. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेता जो कर स्रोतावर गोळा करतो, तो खर्च समजून विसरायचा नसतो; आयकर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. पत्नीसाठी स्वतः भरलेल्या पॅकेजवर तो कर आपल्या पॅननेच जमा झाल्याचे त्याने फॉर्म २६एएसमध्ये पाहून घेतले. प्रवासविम्यात जहाज चुकल्यास आणि समुद्रातून रुग्णालयात हलवावे लागल्यास भरपाई आहे काय, हेही वाचले. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते आणि तेथे वर्षभर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, हे त्याने भोजनाच्या विनंतीत लिहिले. मोबाइलचे घड्याळ बंदरोबंदर आपोआप बदलते, जहाजाचे बदलेलच असे नाही. म्हणून जहाजाच्या वेळेला लावलेले साधे मनगटी घड्याळ त्याने सोबत ठेवले.

एका बंदरावर बरोबरच्या व्यापाऱ्यांनी आणखी एक बाजार पाहून येऊ, असा आग्रह धरला. त्याने पाकिटातील कागद काढून पाहिला आणि नम्रपणे नकार दिला. जहाजावर परत चढण्याच्या वेळेआधी तासभर तो वर होता. त्याने घरी फोन लावला. इकडे औरंगपुऱ्यात दुपार होती, बाई दुकानाच्या गादीवर बसल्या होत्या. “चढलो, बाई,” तो म्हणाला.

“जेवलास?”

“आता जेवतो. सूर्य अजून बराच वर आहे.”

बाईंनी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकासाठी शंभर पानी वह्यांचा गठ्ठा मोजायला घेतला.